जुनी गाडी ‘टोटल लॉस’ झाली : सही करण्याआधी हातात घ्यायचे तीन आकडे

टोटल लॉस म्हटलं की डोळ्यासमोर चेंदामेंदा झालेली गाडी येते. पण जुन्या गाडीच्या बाबतीत बोनेट, बंपर, रेडिएटर आणि दोन एअरबॅगा गेल्या, इंजिन अजून चालू होतंय, तरीही विमा कंपनी टोटल लॉस म्हणू शकते. कारण हा निर्णय पत्रा किती चेपला यावर होत नाही, हिशेबावर होतो. त्या हिशेबात तीन आकडे असतात : पॉलिसीवर छापलेली गाडीची किंमत म्हणजे आयडीव्ही, घसारा (वयामुळे होणारी किमतीतली घट) वजा करून कंपनीवर पडणारा दुरुस्तीचा खर्च, आणि मोडक्या गाडीला बाजारात येणारा भाव. हे तिन्ही आकडे लेखी हातात पडेपर्यंत कुठल्याही कागदावर सही करायची घाई करू नये. गॅरेजवाला, कंपनीसाठी नुकसान मोजणारा सर्व्हेअर आणि भंगार घेणारा या तिघांनाही ते माहीत असतात. बहुतेक वेळा माहीत नसतात ते फक्त गाडीच्या मालकाला.

आयडीव्ही : नूतनीकरणाच्या दिवशी ठरलेली रक्कम

आयडीव्ही म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त जेवढे पैसे देईल ती रक्कम. पहिली पाच वर्षं ती ठरवायचं कोष्टक आहे. गाडीच्या त्या वेळच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर कोष्टक संपतं. तिथून पुढे आयडीव्ही कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. म्हणजे जुन्या गाडीच्या बाबतीत तुम्हाला घासाघीस करायला जागा असते, आणि नेमकी तीच जागा बहुतेक जण वापरत नाहीत.

ऑनलाइन नूतनीकरण करताना आयडीव्हीची किमान-कमाल मर्यादा दिसते. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट किंवा वेबसाइट तळाचा आकडा पुढे करते. यात नेमके किती पैसे वाचतात ते पाहा. मोटार विम्याच्या जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकात, मुंबई-पुण्यासारख्या ‘अ’ विभागातल्या शहरांत १००० ते १५०० सीसीच्या, पाच ते दहा वर्षं जुन्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा दर आयडीव्हीच्या ३.४४७ टक्के होता. आता कंपन्या आपापले दर लावतात, पण अंदाजासाठी तो पुरतो. या दराने आयडीव्ही ६० हजारांनी कमी केली तर हप्त्यात सुमारे २,०७० रुपये वाचतात. त्यावर कंपनीची सूट आणि नो क्लेम बोनस लागला की खरी बचत बऱ्याचदा हजारभर रुपयांवर येते. त्या हजारासाठी साठ हजारांचं संरक्षण सोडणं हा तोट्याचा सौदा आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. बाजारात अडीच लाखांना जाणाऱ्या गाडीची आयडीव्ही कोणी चार लाख लावून देणार नाही, आणि दिली तर क्लेमच्या वेळी वाद होईल. वापरलेल्या गाड्या विकत घेणाऱ्या दोन-तीन ठिकाणी आपल्या मॉडेलचा, त्याच वर्षाचा, तेवढ्याच किलोमीटरचा भाव विचारा आणि त्याच्या आसपास राहा.

एक गोष्ट पॉलिसीत स्पष्ट लिहिलेली असते, पण क्लेमच्या वेळी विसरली जाते. टोटल लॉसच्या क्लेमसाठी आयडीव्ही हीच वर्षभर बाजारभाव मानली जाते, तिच्यातून पुन्हा घसारा कापायचा नसतो. पॉलिसी संपायला आठवडा उरला असताना अपघात झाला तरी आकडा तोच. ‘आता गाडीचा मार्केट रेट कमी झालाय’ असं सांगून कोणी आयडीव्हीपेक्षा कमी रक्कम पुढे केली, तर पॉलिसीतली ती ओळ दाखवा आणि कपातीचं कारण लेखी मागा.

पंचाहत्तर टक्क्यांची रेघ

गाडी परत मिळवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला की ती ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ ठरते. म्हणजे दुरुस्त होऊ शकते, पण दुरुस्त करणं परवडत नाही. या वाक्यातला ‘अटींच्या अधीन राहून’ हा तुकडा जुन्या गाडीसाठी सगळ्यात महत्त्वाचा. सर्व्हेअर त्याचा अर्थ सहसा असा घेतात की ७५ टक्क्यांशी तुलना गॅरेजच्या पूर्ण एस्टिमेटची होणार नाही. घसारा वजा जाऊन कंपनीला जेवढं द्यावं लागेल, तेवढ्याच रकमेची होईल.

सुट्या भागांवरचा घसारा वेगळ्या कोष्टकाने लागतो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. फायबरच्या भागांवर ३० टक्के. काचेवर शून्य. लोखंडी आणि इतर भागांवर वयाप्रमाणे : चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५, पाच ते दहा वर्षांना ४० आणि दहाच्या वर ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्या साहित्यावर ५० टक्के कापतात. ‘झिरो डेप’ हे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण घेतलं असेल तर यातली बरीच कपात टळते, पण ते बहुतेक कंपन्या साधारण पाच ते सात वर्षांच्या पुढच्या गाडीला देत नाहीत. शोरूमची पूर्ण किंमत परत देणारं ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ त्याहून आधी बंद होतं.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. नऊ वर्षं जुनी, १२०० सीसीची हॅचबॅक. आयडीव्ही २,४०,००० रुपये. समोरून धडक. गॅरेजचं एस्टिमेट असं :

लोखंडी भाग ७८,००० – घसारा जाऊन ४६,८००
प्लास्टिकचे भाग ४२,००० – घसारा जाऊन २१,०००
दोन एअरबॅगा आणि सीटबेल्ट ४८,००० – घसारा जाऊन २४,०००
पुढची काच ६,५०० – पूर्ण ६,५००
मजुरी ३४,००० – पूर्ण ३४,०००
रंगकाम २४,००० – साहित्याचा घसारा जाऊन २१,०००

एस्टिमेटची बेरीज २,३२,५००. कंपनीवर येणारी रक्कम १,५३,३००. सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममध्ये मालकाने सोसायची ठरलेली रक्कम, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये (त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००), ती गेली की १,५२,३००.

आयडीव्हीचे ७५ टक्के होतात १,८०,०००. गॅरेजचं एस्टिमेट ही रेघ आरामात ओलांडतं, जवळजवळ आयडीव्हीएवढंच आहे. पण घसारा गेल्यानंतरचा आकडा रेघेच्या खाली राहतो. अशा वेळी सर्व्हेअर म्हणू शकतो, ‘टोटल लॉस नाही, दुरुस्त करा.’ तुमच्या खिशातून मग ८०,२०० रुपये जातात. जुन्या गाडीच्या मालकाचं खरं दुखणं बऱ्याचदा हेच असतं. टोटल लॉस लादला गेला, याहून जास्त वेळा तो मिळायला हवा होता आणि मिळाला नाही.

याच गाडीची आयडीव्ही हप्ता वाचवण्यासाठी १,८०,००० ठेवली असती तर रेघ १,३५,००० वर आली असती. १,५३,३०० ने ती ओलांडली जाते आणि गाडी टोटल लॉस होते. हातात येतात १,७९,०००. अपघात तोच, नुकसान तेच, पण २,४०,००० च्या आयडीव्हीवर टोटल लॉसला मिळाले असते त्याहून साठ हजार कमी आणि गाडीही गेली.

उघडल्याशिवाय एस्टिमेट पक्कं होत नाही

पहिलं एस्टिमेट बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीचं असतं. समोरच्या धडकेत बंपरमागचा क्रॉस मेंबर, दोन्ही बाजूंचे ॲप्रन, इंजिनखालची सबफ्रेम, गिअरबॉक्सचं आवरण, एसीचा कंडेन्सर, स्टीअरिंग रॅक हे भाग उघडल्याशिवाय कळत नाहीत. वरच्या उदाहरणात गाडी उघडल्यावर ६०,००० रुपयांचे लोखंडी भाग आणि ६,००० ची मजुरी वाढली तर कंपनीची रक्कम ४२,००० ने वाढून १,९५,३०० होते, आणि रेघ ओलांडली जाते.

म्हणून रेघेच्या आसपास असलेल्या गाडीत सर्व्हेअरला ‘गाडी खोलून पाहणी करा’ असं लेखी सांगणं फायद्याचं ठरतं. दुरुस्ती मंजूर करून काम सुरू झालं आणि अर्ध्यात नवीन नुकसान निघालं, की मग ना धड दुरुस्ती ना धड टोटल लॉस अशी अवस्था होते. भाग मागवलेले असतात, पत्रा कापलेला असतो, आणि मोडक्या गाडीचा भावही पडलेला असतो.

मात्र खोलण्याआधी गॅरेजचं जॉब कार्ड वाचा. गाडी त्यांच्याकडे दुरुस्त झाली नाही तर खोलण्याची मजुरी, एस्टिमेटचे पैसे (काही ठिकाणी एस्टिमेटच्या टक्केवारीने) आणि रोजचं पार्किंग लावलं जातं. जुन्या गाडीच्या क्लेममध्ये हे पंधरा-वीस हजार सहज होतात, आणि ते पॉलिसीत बसतीलच असं नाही. दर आधी विचारून कार्डावर लिहून घ्या. टोटल लॉस ठरल्याचं पत्र आलं की गाडी उचलण्याची तारीख कंपनीकडून ईमेलवर घ्या. त्यानंतरचं पार्किंग कोणाच्या माथी, हा वाद त्या एका ईमेलने मिटतो. टोइंगचंही तसंच. मूळ पॉलिसीत खासगी गाडीला जवळच्या गॅरेजपर्यंत नेणं-आणणं मिळून १,५०० रुपयांचीच मर्यादा असते. घाटात गाडी दरीत गेली असेल तर क्रेनचं बिल याच्या कित्येक पट होतं. ‘रोडसाइड असिस्टन्स’ घेतलेलं असेल तर आधी त्यांना फोन करा.

५० हजारांहून मोठ्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत त्याची नेमणूक, त्यापुढे १५ दिवसांत अहवाल आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय अपेक्षित आहे. अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. ती नक्की मागा, कारण कुठल्या भागावर किती घसारा लावला ते फक्त तिथेच कळतं. प्लास्टिकचा घसारा लोखंडाला लावणं, काचेवर कपात करणं, गाडीचं वय नोंदणीच्या तारखेऐवजी अंदाजाने धरणं, अशा चुका सापडतात. दहा वर्षं पूर्ण व्हायला महिना असताना ‘दहाच्या वर’ धरलं तर लोखंडी भागांवर ४० ऐवजी ५० टक्के कापले जातात.

कंपनी पुढे काय काय ठेवते

आकडे तयार झाले की साधारण चार वाटा असतात. दुरुस्ती ही पहिली. दुसरी, मोडकी गाडी कंपनीकडे, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) रद्द, आणि तुम्हाला आयडीव्ही वजा सक्तीची वजावट. आपल्या उदाहरणात २,३९,०००. (स्वतःहून घेतलेली ऐच्छिक वजावट असेल तर तीही जाते. हप्त्यात सूट मिळते म्हणून घेतलेले ते ७,५०० किंवा १५,००० इथे आठवतात.) तिसरी वाट ‘नेट ऑफ साल्व्हेज’ : मोडकी गाडी तुमच्याकडेच राहते आणि आयडीव्हीतून तिचा भाव वजा होतो. चौथी ‘कॅश लॉस’ : दुरुस्तीची बिलं न मागता ठरलेली रक्कम देऊन क्लेम बंद. ही रक्कम दुरुस्तीच्या आकड्याहून कमी असते. ज्याच्याकडे स्वस्तात काम करणारा खात्रीचा गॅरेजवाला आहे, त्यालाच ती परवडते.

मोडक्या गाडीचा भाव कोण ठरवतं? बहुतेक कंपन्या गाडीचे फोटो ऑनलाइन लिलावात टाकतात, नोंदणी केलेले भंगार आणि जुन्या गाड्यांचे व्यापारी बोली लावतात. सगळ्यात वरची बोली हा तो भाव. बोलीची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून कंपनी ‘उद्यापर्यंत कळवा’ म्हणते. घाई खरी असते, पण तेवढ्या वेळातही बोलीचा आकडा, तिची शेवटची तारीख आणि ती आरसीसकट आहे की आरसी रद्द करून, या तीन गोष्टी ईमेलवर मागता येतात. आरसीसकट बोली नेहमी चढी असते, कारण ती गाडी पुन्हा उभी करून विकता येते. आरसी रद्द असेल तर फक्त सुटे भाग आणि लोखंड. जो भाव तुमच्या पैशांतून वजा होणार तो आरसीसकटचा, आणि कंपनी मात्र आरसी रद्द करायला सांगतेय, असं होत असेल तर तिथेच थांबवा. हे दोन्ही एकत्र लावता येत नाही.

आपल्या उदाहरणात समजा ८५,००० ची बोली आली. गाडी ठेवून घेतलीत तर मिळतील २,४०,००० वजा ८५,००० वजा १,०००, म्हणजे १,५४,०००. आता कंपनीच्या बाजूने पाहा. दुरुस्तीत तिचे जातात १,५२,३००. टोटल लॉस देऊन मोडकी गाडी विकली तर निव्वळ १,५४,०००. फरक सतराशे रुपयांचा! रेघ ओलांडलेली नसतानाही टोटल लॉस मागून पाहायला हरकत नाही ती यामुळेच. दुरुस्तीत नवं नुकसान निघायची जोखीम कंपनीला नको असते. हा हिशेब मांडून मागणी केली तर बऱ्याचदा ऐकली जाते. मोडक्या गाडीला चांगला भाव असलेलं, सुटे भाग खपणारं मॉडेल असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम.

कंपनीने भंगारचा भाव आकड्यात धरला आणि ‘तुम्हीच विकून तेवढे पैसे उभे करा’ असं सांगितलं तर ते चालत नाही. २०२४ च्या नियमांत भंगाराची विल्हेवाट लावून त्याचे पैसे मिळवणं ही कंपनीचीच जबाबदारी ठरवली आहे. तुम्हाला स्वतःला गाडी ठेवायची असेल तेव्हाच वजावटीचा प्रश्न येतो.

ठेवावी का? इंजिन-गिअरबॉक्स शाबूत, चेसिस आणि खांब सरळ, एअरबॅगा उघडलेल्या नाहीत, आणि तुमच्याकडे गाडीचा इतिहास माहीत असलेला गॅरेजवाला आहे, तर हिशेब बसू शकतो. चेसिस वाकलेली, छताचा खांब मोडलेला किंवा एअरबॅगा फुटलेल्या असतील तर सोडून द्या. जुन्या बाजारातून आणलेली एअरबॅग बसवणं किंवा दिवा विझवून रिकामं कव्हर लावणं हे प्रकार सर्रास चालतात. ते कितीही स्वस्त पडले तरी त्या गाडीत माणसं बसवू नयेत.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी

महाराष्ट्रात टोटल लॉसची लाट येते ती पुरानंतर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड, २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्यालगतची एकता नगरी. अशा वेळी एकाच दिवशी शेकडो गाड्या सर्व्हेला येतात आणि पाण्याची पातळी हाच पहिला निकष होतो. पायातल्या कार्पेटपर्यंत पाणी असेल तर सीट काढून, वाळवून, साफ करून गाडी बहुधा वाचते. सीटपर्यंत आलं तर वायरिंगचे जोड, मधल्या कन्सोलखालचं एअरबॅगचं मोड्यूल, सीटबेल्टचे ताण देणारे भाग धोक्यात येतात. डॅशबोर्डपर्यंत गेलं तर पाच वर्षांवरच्या गाडीचा हिशेब क्वचितच दुरुस्तीकडे झुकतो.

पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करून पाहू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, स्टार्टर फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा ब्लॉक फुटतो. मग कंपनी म्हणते, पाण्याने नाही, चालू करण्याने इंजिन गेलं. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे इंजिनाचं जादा संरक्षण नसेल तर इंजिनाचा सगळा खर्च तुमच्यावर येतो. बॅटरीची तार काढा. पाण्याची रेघ दिसेल असे दारांचे, डॅशबोर्डचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो काढा, आणि टो करून न्या. पुरातली गाडी ‘नेट ऑफ साल्व्हेज’ने ठेवून घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जोडांमधला हिरवा गंज सहा महिन्यांनी बोलायला लागतो, आणि तेव्हा क्लेम केव्हाच बंद झालेला असतो.

कर्जाचा बोजा आणि सीएनजी

आरसीवर बँकेचं नाव असेल तर टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे जातात. थकीत कर्ज कापून उरलं तर तुम्हाला. कर्ज आयडीव्हीहून जास्त असेल तर फरक तुम्हीच भरायचा. क्लेम चालू आहे म्हणून हप्ते थांबवू नका, बँकेचा आणि विमा कंपनीचा हिशेब वेगळा चालतो.

जुन्या गाड्यांत उलटा प्रकार जास्त दिसतो. कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलं, पण आरसीवरचा बोजा उतरवलेलाच नाही. ना-हरकत पत्र कुठेतरी फाइलीत, मुदत संपलेलं. अशा वेळी बँकेकडून नवं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा उतरवावा लागतो, आणि क्लेमचे आठवडे त्यातच जातात. गाडी धडधाकट असतानाच हे काम उरकून टाका.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर नोंदलेलं आणि पॉलिसीत वेगळ्या किमतीने दाखवलेलं हवं. पॉलिसीत नसेल तर किटचे पैसे मिळत नाहीत. आरसीवरही नसेल तर पूर्ण क्लेमवरच प्रश्न उभा राहतो.

आरसीचं काय झालं, हे शेवटपर्यंत बघा

पैशांइतकंच आरसीचं प्रकरण नाजूक आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. हे काम मालकाचं आहे, भंगारवाल्याचं नाही. ‘आरसी द्या, रद्द करून आणतो’ या तोंडी शब्दावर मूळ आरसी आणि कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या कधीही देऊ नका. मोडक्या गाडीचा चेसिस क्रमांक आणि आरसी वापरून त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी रस्त्यावर आणणाऱ्या टोळ्या असतात. त्यांना भंगारापेक्षा कागद महत्त्वाचे.

आरसी चालू ठेवून मोडकी गाडी विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलूनच द्या, आणि ऑनलाइन नोंदीत नवं नाव दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी हातोहात चार जणांकडे गेली तरी अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर येते. टोटल लॉसनंतर त्या गाडीवर विमाही उरलेला नसेल, म्हणजे ती भरपाई थेट तुमच्या खिशातून.

आरसी रद्द करायला मूळ आरसी, विमा कंपनीचं टोटल लॉसचं पत्र, ओळखपत्र, बोजा असल्यास बँकेचं पत्र लागतं. थकलेली ई-चलानं आधी भरून टाका, नाहीतर अर्ज अडतो. आरटीओ चेसिस क्रमांकाचा ठसा किंवा कापलेला तुकडा मागू शकतं, म्हणून गाडी उचलून नेण्याआधीच ही सोय करा. एकदा गाडी यार्डात गेली की तो तुकडा मिळवायला फेऱ्या पडतात. फास्टॅग काढून बँकेकडून बंद करून घ्या. नंबरप्लेट स्वतःकडे काढून ठेवा.

गाडी तुमच्याकडे राहिली आणि उभी करण्यात अर्थ नसेल तर कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्र पाहा. २०२१ च्या नियमांनुसार चालणारी ही केंद्रं गाडी जमा केल्याचं ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ देतात. नवी खासगी गाडी घेताना त्यावर रस्ता करात सवलत मिळू शकते. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत आहे, प्रत्यक्षात किती ते राज्य ठरवतं. भाव थोडा कमी मिळाला तरी कागद स्वच्छ राहतात.

सह्या आणि तक्रार

क्लेम संपवताना दोन्ही किल्ल्या, केवायसी, रद्द केलेला चेक, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र आणि ‘डिस्चार्ज व्हाउचर’ मागतात. या व्हाउचरवर ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेलं असतं. रक्कम मान्य नसेल आणि पैशांची गरज असेल तर सहीजवळ ‘हरकत राखून’ असं लिहा आणि त्याच दिवशी तसा ईमेल पाठवा. सही केली म्हणून जास्त रकमेसाठी दाद मागायचा हक्क जात नाही, पण तेव्हा हरकत होती हे दाखवता यायला हवं.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला एक वर्षाची मुदत असते. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तिथे भावना चालत नाहीत, वर केला तसा आकड्यांचा तक्ता चालतो : भाग, एस्टिमेट, लावलेला घसारा, लागायला हवा होता तो घसारा, फरक.

चूक समोरच्या गाडीची असेल तर आणखी एक दार उघडं राहतं. तुमच्या कंपनीने न दिलेली नुकसानी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात समोरच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्याकडून मागता येते. त्यासाठी पोलिसांकडे नोंद आणि पंचनामा हवा, आणि कायद्याने दिलेली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. टोटल लॉसच्या घोळात हे सहा महिने कधी निघून जातात ते कळतही नाही.

गाडी स्वतःकडे ठेवून उभी केली असेल तर जुनी पॉलिसी आता संपलेली आहे, नो क्लेम बोनसही शून्यावर आलाय. नवी सर्वसमावेशक पॉलिसी देण्याआधी कंपनी गाडीची पाहणी करेल, म्हणून दुरुस्तीची सगळी बिलं आणि काम चालू असतानाचे फोटो जपून ठेवा. तोवर निदान थर्ड पार्टी विमा काढल्याशिवाय चाचणीसाठीही गाडी रस्त्यावर आणू नका. पहिल्या वेळचा दंड २,००० रुपयांचा आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.